मामाले वरून धरलं कोनं?

नाई, मले एवढंच सांगा, धडधाकट मानूस, नाचनगावचा, माह्या आईचा सख्खा भाऊ चंद्रभान मामा, वजन पंच्याऐंशी किलो, अन् कॉम्प्युटर म्हनते, याले कोनीतरी कमरेले धरून वर उचलून राह्यलं! कोन उचलन? मामीची बी कधी हिंमत नाई झाली हो! मंग मामाले वरून धरलं कोनं?

तुमाले सांगतो, दोन हजार नऊ साल, सिंदी मेघेले माही रूम, एमटेकचं शेवटचं वर्ष, अन् प्रोजेक्ट काय, तं मानसाचं चालनं कॉम्प्युटरमंधी हुबेहूब करा. आंगाले चमकते गोळे चिपकवाचे, जमिनीत एक लोखंडी प्लेट, तिच्यावरून चालाचं. चालाले म्या मामालेच पकडून आनलं. गोळे सांगते आंग कसं हाललं, प्लेट सांगते पायानं किती जोर देला, अन् दोघाइचा हिशोब नाई जुळला का कॉम्प्युटर सोताच्या मनानं कमरेले एक जोर लावून मोकळा होते... त्याले म्हनते रेसिड्युअल. थोडंसं असतेच, चालते. माहं किती? पंधरा किलोचं! अन् गाईड प्रभाकरराव सर चष्म्याच्या वरून पाहून म्हनते, "गजेंद्र, हे भूत काढ. सोमवारपर्यंत निघालं नाही, तर प्रबंध पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी! तिकडं नागपूरची नोकरी वाट पाहून राह्यली, इकडं आईनं पेढे सांगून ठेवले... जीव टांगनीले लागला बाप्पा!

लागलो शोधाले. वजन चुकलं काय? मामाले आर्वीच्या मार्केटात कापसाच्या काट्यावर चढवलं, अडते हसून राह्यले, "याच्यात ओलावा किती हो?" वजन बरोबर! गोळे सरकले काय? सारे उपटून नव्यानं चिपकवले, संगं मामाच्या छातीचे केस आले. "भाच्या, डिग्री तुले, अन् सोलून मले राह्यला काय बे?" गोळे बरोबर! प्लेट बिघडली काय? तिच्यावर तांदळाचा कट्टा ठेवला, प्लेट बी बरोबर! मंग वरून धरलं कोनं?

शेवटी म्या चालन्याचा व्हिडिओ लावला. पाहतो तं काय, मामा येते, ऐटीत येते, मिशीले पीळ देत येते... अन् प्लेट आली का हात हळूच बाजूच्या कठड्यावर! आमच्या लॅबमंधी दवाखान्याचे पेशंट बी चालवते, थे पडू नाई म्हनून लावलेला थो कठडा. अन् पाय असा टेकवते, जसा निजलेल्या लेकराजवळून जाऊन राह्यला!

"मामा, काऊन?"

"काऊन म्हन्जे? दसऱ्याले तुमीच पूजली नं तिले? हयद-कुकू दिसून राह्यलं. पुजलेल्या वस्तूवर आंगाचा भार देऊ? तुह्यासाठी पाय लावला हेच लय झालं!"

म्हन्जे मामाले मामानंच धरलं होतं!

धावत सरकडं गेलो. सर भडकले, "इंजिनियर आहात की पुजारी? हटा, मी चालतो!" अन् चालले बरं! गोळे लावून, हात मोकळे सोडून, प्लेटवर धाडकन पूर्ण पाय देला... अन् तसेच वाकले, प्लेटले हात लावला, छातीले लावला! म्या म्हनलं, "सर?" सर लाजून म्हनते, "अरे... पाय लागला ना!" कॉम्प्युटर म्हनते, आता याले कोनीतरी मानगुटीले धरून वाकवून राह्यलं!

सोमवार आला. सरनं मुकाट्यानं सही केली, म्हने, "लिहून टाक, उरलेलं बल स्थानिक कारणांमुळे."

परीक्षक आले मद्रासचे. कपायाले भस्म, चेहरा एकदम कडक. म्या घामाघूम! त्याइनं थे 'स्थानिक कारणं' इचारले, म्या मामापासून सरपर्यंत सारं सांगून टाकलं, सर छताकडं पाहून राह्यले. परीक्षक हसले नाई. सही केली, पेन खिशाले लावला, दारापर्यंत गेले, अन् मांगं फिरून एकदम गंभीरपनं इचारते, "प्लेट का पूजा किया... कम्प्यूटर का नहीं किया?"

म्या म्हनलं, "नाई नं सर... थेच तं राह्यलं!"