तळमजल्यावरची चौकशी

‘साहेबांची तिकडे एक’ — आणि पुढे? पुढे काही नाही, तुमचं उतरायचं ठिकाण आलं. शेअर रिक्षात दोघी बायका बोलत होत्या, आमच्या बिल्डिंगचं नाव निघालं म्हणून तुम्ही कान दिलात, असंच ना? बसा मामा, पंखा लावते. साहेब वहिनींना घेऊन दवाखान्यात गेलेत, येतील अर्ध्या तासात. चावी माझ्याकडेच असते त्यांची, पण पाहुण्याला बंद घरात एकटं बसवणं बरं दिसत नाही. आणि भाच्यासाठी साहेबांची अश्लेषा बघताय तर शेजारी विचारणारच तुम्ही. विचारावंच. उद्या आमच्या पिंकीच्या वेळी आम्हीही असंच कुणाच्या तरी तळमजल्यावर जाऊन बसू.

मी सांगते ना साहेब कसे ते. परराष्ट्र खात्यात चौतीस वर्षं, किती देश झाले ते मला सांगताही यायचे नाहीत, आणि सत्त्याण्णवला रिटायर झाले ते सरळ इथे उमेळ्यात — का, तर मूळची वाडी इथली. वाडीच्या जागी ही बिल्डिंग उभी राहिली, पण मागच्या चार केळी अजून त्यांच्याच, घड उतरला की पहिली फणी माझ्याकडे येते. पाव आणायलासुद्धा इस्त्रीचा शर्ट. आणि वहिनींची बोटं वाकलीत ना संधिवाताने, तर रोज सकाळी गॅलरीत बसून तेच त्यांची वेणी घालतात. आधी तेल, मग वेणी. आमचे हे म्हणतात, एवढा मोठा वकिलातीतला माणूस आणि बायकोची वेणी घालतो. मी म्हटलं, तुम्ही माझा साधा कंगवा तरी शोधून दिलात का कधी.

पण तुम्ही ते ‘तिकडे एक’ काही सोडत नाही. लोकांचं काय हो, लोक काहीही — नाही. लोक नाही, मामा. चहा घ्या, मग सांगते.

तीन वर्षं झाली. साहेबांचे भाऊ मधूभाऊ आलेले, दोघं जिन्यात बोलत होते आणि मी खाली पंप सुरू करायला उभी. मधूभाऊ म्हणाले, ‘तुझी ती तिकडची मुलगी’ — आणि माझा हात आधीच बटणावर, पंप सुरू झाला, पुढचं काही ऐकू आलं नाही. अर्धंच ऐकलं ना, मग उरलेलं अर्धं माझं मी भरलं. तिकडची मुलगी म्हणजे तिकडची बाई पण असणार. त्याच महिन्यात अश्लेषासाठी विरारची माणसं आली चौकशीला. मुलाची आई याच खुर्चीवर बसली होती. मी काही वाईट बोलले नाही हो, एवढंच म्हटलं, माणूस देव आहे, पण तिकडे काहीतरी आहे म्हणतात. म्हणतात. कोण म्हणतात? मीच. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले होते, आणि पाचव्या दिवशी निरोप आला — पत्रिका जमत नाही. संध्याकाळी अश्लेषा नेहमीसारखी खाली आली, पिंकीला इंग्रजी शिकवायला. फुकट शिकवते. मी पोहे दिले तर म्हणाली, काकू, आज भूक नाही. ते पोहे मी टाकून दिले.

आता खरं ऐका. गेल्या वर्षी साहेबांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी, वहिनींना बारीक अक्षर दिसत नाही, अश्लेषा कॉलेजात शिकवायला गेलेली. तेव्हा टांझानियाचं पत्र आलं. ते घेऊन साहेब खाली आले, पिंकीला म्हणाले, वाचतेस? पाकीट जरा उघडंच होतं — म्हणजे पोस्टमन माझ्याकडे देऊन गेला होता, आणि वर नेऊन द्यायच्या आधी मी — जाऊ दे, इंग्रजी मला कुठे येतंय. पण पहिली ओळ मराठीत होती. लहान मुलासारखं मोठं मोठं अक्षर. ‘प्रिय आई, प्रिय बाबा.’ खाली नाव, सुझान.

सुझान म्हणजे तिकडे त्यांच्याकडे स्वयंपाक करायचा त्या माणसाची लेक. तिची आई बाळंतपणात गेली, आणि इकडे अश्लेषा तीन महिन्यांची. वहिनींनी दोघींना अंगावर पाजलं, चार वर्षं एका पाळण्यात, एका ताटात. मग बदली आली. साहेबच म्हणाले मला, त्या दिवशी, पट्टी बांधल्या डोळ्याने — ‘जयवंतीबाई, जगातल्या लोकांचे कागद केले मी. तिचे करायला सहा महिने लागले असते, मी थांबलो नाही. पुढच्या सुट्टीत नेतो म्हणालो.’ ती सुट्टी काही आली नाही. पोर मावशीकडे वाढली, आता नर्स आहे. पत्रात काय होतं माहिती आहे? अश्लेषाचं लग्न ठरलं की मला बोलवाल ना. पिंकी वाचत होती आणि मी पदर तोंडाशी धरून उभी. ठरत आलेलं लग्न कुणी मोडलं ते मलाच ठाऊक ना. साहेब म्हणाले, पिंकी, ती पहिली ओळ परत वाच.

वहिनींना सगळं माहीत आहे, अश्लेषालाही. माहीत नाही ते एवढंच, की विरारकरांना कुणी सांगितलं. दर महिन्याला ठरवते, आज सांगायचं, आणि केळ्याची फणी हातात घेऊन परत आत येते. आज तुम्हाला सांगितलं. सांगायचं नव्हतं खरं तर, तुम्ही परके.

थांबा, रिक्षा थांबली. बघा, वहिनींना हात देऊन उतरवतायत. तर मामा, बाई कुणी नाही. मुलगी आहे, आणि तिला मागे सोडून आले हेही आहे. उरलेलं त्यांना विचारा, ते लपवणार नाहीत. आणि नाहीच म्हणायचं असलं तर खरं कारण सांगून नाही म्हणा, पत्रिकेचं नाव नको. कप राहू द्या, मी उचलते. जिना डावीकडे. जा.