हिरवा स्वेटर

नाही काकू, वर नका जाऊ, पाहुण्यांना वर सोडत नाहीत, इथेच बसायचं असतं — या पंख्याखाली बसा. मी तिची रूममेट. ती ना, लॅबमध्ये आहे. कधी येईल? आता लॅबचं काय सांगणार, लांबलं की लांबलं. तुम्ही असं न कळवता — नाही, छानच केलंत, मी आपलं म्हटलं. डबाही आणलात? द्या, मी वर नेऊन ठेवते. जेवते की, मी स्वतः ताट नेते तिला — म्हणजे आमच्या मेसमध्ये आजारी मुलीचं ताट खोलीवर न्यायला देतात — आजारी नाही हो, तसं काही नाही, जरा सर्दी. मेसच्या मावशी परवा म्हणाल्या, किती दिवस चालणार हिची सर्दी. गमतीत म्हणाल्या.

हे काय, स्वेटर? तुम्ही विणलात? अगंबाई, किती मऊ आहे. आणि हिरवा. मला वाटलं नव्हतं तुम्ही खरंच — हो, तिनंच लिहिलं होतं ना, खोलीत थंडी वाजते, हिरवा स्वेटर हवा म्हणून. काय म्हणालात? लहानपणापासून तिला हिरवा रंग नकोसा? मला नाही बोलली कधी. घराबाहेर पडलं की आवडी बदलतात काकू. हो, मेसेज गोड लिहायला लागलीय, खरंय — ‘आई, गुडघा कसा आहे, जिना हळू उतर’ — पूर्वी कधी विचारायची नाही? नुसतं हं, हं?

असं बघू नका ना माझ्याकडे. मला कसं ठाऊक — तिनं दाखवला असेल मेसेज. नाही. नाही दाखवला. मीच लिहिलाय, काकू. सगळे मीच लिहिलेत.

कसली लॅब आणि कसलं काय. पहिल्या सत्राचा निकाल लागला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली, ती उठतच नाही. अंघोळीलासुद्धा मी ढकलत नेते. तुम्हाला कळवते म्हटलं तर रडली, आईला सांगितलंस तर बघ — आणि फोनच माझ्या अंगावर टाकला, तूच लिही काय ते. मी एवढंच लिहिलं, ‘बरी आहे.’ तुमचं उत्तर आलं, ‘जेवलीस का बाळा?’ माझ्या घरून असं कोणी — वडील निकालाच्या दिवशी तेवढा फोन करतात, आणि आई... ते जाऊ दे. खरं सांगायचं मी रोज ठरवायचे. पण तुम्ही आला असतात, तिला घेऊन गेला असतात, मग मला कोणी विचारलं असतं, जेवलीस का? थंडी मलाच वाजते, काकू. माझी खाट खिडकीला लागून आहे.

काल तिनं ताटाला हात लावला नाही. आज पाणीही नको म्हणतेय. म्हणूनच खाली येऊन बसले होते, रेक्टरबाईंना सांगावं की नाही — सांगणारच होते, शप्पथ — तेवढ्यात तुम्ही दारात. जा तुम्ही. नियम राहू दे, मी बघते काय ते. दुसरा मजला, डावीकडे शेवटची खोली, दार नुसतं लोटलंय. सावकाश, गुडघा — कठडा धरा, कठडा उजवीकडे आहे.

काकू, स्वेटर राहिला इथे. काकू —