पोकळ वाजतंय का बघा

नाही, मी बसणार नाही, आणि तुम्हीही असे फाटकात उभे राहू नका – इकडे या, भिंतीजवळ. हो, हे ठिगळ मीच लावलंय. मिस्त्रीला मीच घालवलं. सेक्रेटरी तुम्ही, गुरुदत्तराव, मान्य – पण ही भिंत ह्यांची आहे. म्हणजे सगळ्यांची हो, पण उभी केली ह्यांनी. आठ मराठी बिऱ्हाडं कलकत्त्यात भाड्याच्या खोल्यांतून फिरत होती, तेव्हा सोसायटी काढायचं कुणाला सुचलं? ह्यांना. हा दाणेदार गिलावा कुणाचा हट्ट? ह्यांचाच. तुमची तर तेव्हा इकडे बदलीही झाली नव्हती.

काय म्हणालात? दर्शनी बाजू सगळी सोलून गुळगुळीत करायची? करा! मग निवडणूक आली की बघा मजा. आणीबाणी उठल्यावर अख्ख्या गल्लीत एक भिंत कोरी राहिली नाही, आपली राहिली – का? ह्या दाण्यांवर कुंचला चालतच नाही. घोषणा रंगवायला पोरं यायची, हात फिरवून बघायची, ‘धुत्!’ म्हणून पलीकडे जायची. हे कुणाचं डोकं?

पडला, तुकडा पडला, मी कुठे नाही म्हणते? तुमच्या स्कूटरवर पडला, सीट फाटली, देवाची दया म्हणून तुम्ही वर नव्हतात. पण म्हणून जिन्यात उभं राहून सगळ्यांदेखत ‘श्यामरावांचा गिलावा ढासळला’ म्हणायचं? दार उघडं होतं आमचं, ह्यांनी सगळं ऐकलं. कंत्राटदारानं खालचा थर ओरखडलाच नव्हता, मग वरचा धरणार कसा? ह्यांनी सांगितलं असतं तर – म्हणजे सांगितलं होतं! सांगितलंच असणार... असं काय बघताय? राहून गेलं असेल. सासूबाई तेव्हा हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होत्या, एकटा माणूस कुठे कुठे पुरणार?

आता दिवसभर हे घरातल्या भिंतींवर बोटाच्या पेरानं टकटक करत हिंडतात. कान लावतात. ‘सरला, इथे पोकळ वाजतंय.’ नसतं हो वाजत. गॅलरीत येत नाहीत, बाजारात जात नाहीत. मला राग येतो, तुमचा येतो, ह्यांचाही येतो.

म्हणून थापी मी हातात घेतली. ह्यांनी वर खुर्चीत बसून सांगायचं, मी खाली येऊन करायचं. सुटलेलं सगळं ठोकून काढलं, कडा भिजवल्या, खालचा थर आडवातिडवा ओरखडला – ते आधी, गुरुदत्तराव, ते सगळ्यांत आधी! – एस्प्लनेडच्या दुकानातून आणलेलं ते दुधासारखं पांढरं, चिकट रसायन कालवलं. मिस्त्रीची खडी जाड होती, ठिगळ लांबून ओळखू आलं असतं. मी माझ्या बुंदीच्या झाऱ्यातून चाळली. नेमका हाच दाणा! यंदा दिवाळीला लाडू मागायला येऊ नका. रंग वेगळा दिसतोय? दिसू दे. पावसाळा झाला की मिसळेल, नाही मिसळला तर नाही.

वाजवा. वाजवा ना, खिशात कशाला हात? इथे, मधोमध. ऐकलंत? भरीव आहे. आता ह्याच्यावर कुणी छिन्नी आणली तर आधी मला इथून –

थांबा. जिन्यात काठी वाजली. हेच आहेत. तुकडा पडल्यापासून पहिल्यांदा उतरताहेत. बाजूला व्हा, त्यांना वाजवून बघू द्या. आणि तोंडातून एक शब्द काढू नका.