शिवकांत सरांचा परवाना

सन्माननीय अध्यक्ष रंगनाथराव, व्यासपीठावरील प्राचार्य महोदया, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती शिवकांत सर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या शिवानीकाकू, आणि जिल्ह्यातल्या गावोगावच्या वाचनालयांतून एसटीनं मानवतला आलेल्या बंधू-भगिनींनो,

मी माधवी. याच कॉलेजात सरांकडे संगणक शिकले, आता पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते. सरांवर बोलायला मी मोठ्या उत्साहानं हो म्हटलं.

आमच्या वेळी लॅबमध्ये संगणक थोडे, विद्यार्थी फार, आणि लाइट पाहुण्यासारखी यायची. तिथंच सरांनी वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं. कोणतं पुस्तक कुणी नेलंय, परत कधी येणार, सगळं मराठीत सांगणारं. मागेल त्याला पेन ड्राइव्हवर द्यायचे, वर चहा पाजायचे. परवाना वगैरे काही लिहिलाच नाही. दिलं म्हणजे दिलं, ही आपल्याकडची रीत. कागद कशाला?

मग शहरातल्या एका कंपनीचे साहेब आले. गोड बोलून म्हणाले, परवाना लिहिलेला नसेल तर कायद्यानं सगळे हक्क लेखकाकडेच राहतात, म्हणजे तुमची ही वाचनालयं विनापरवाना वापर करताहेत. हक्क आम्हाला विका. आम्ही दरवर्षी परवाना देऊ, दुरुस्तीही बघू. आणि निघताना त्यांनी विचारलं, "सर, तुमच्यानंतर हे सांभाळणार कोण?"

तो प्रश्न सरांना लागला. आम्ही पोरं तर एकसुरात म्हणालो, विकून टाका. सरांच्या घराचा वरचा मजला अर्धवट बांधून तसाच राहिला होता, काकूंनी तर टाइल्ससुद्धा पसंत करून ठेवल्या होत्या. सर मात्र एका सकाळी लॅबमध्ये येऊन मला म्हणाले, "माधवी, आमच्या गल्लीत विरजण कुणी इकत न्हाई. पण नेणाऱ्यानं उद्या दुसऱ्याला न्हाई म्हणायचं न्हाई. असा परवाना असतोय का?"

असतो. मुक्त परवान्यांतलाच एक. वापरा, बदला, वाटा. पण बदललेलं पुढं दिलंत तर तेही याच अटीवर, आतला कोड उघडा ठेवून. तो आम्ही लावला. साहेबांचा फोन पुन्हा आला नाही, आणि वरचा मजलाही झाला नाही. काकू, खरं सांगा, किती ऐकवलंत?

त्या दिवसांची मला फार आठवण येते. आज माझ्या ऑफिसात सगळं आहे, पण असा प्रश्न घेऊन सकाळी दारात उभं राहणारं कुणी नाही.

साहेबांचा प्रश्न मात्र तसाच राहिला होता. मागच्या आठवड्यात सर फोनवर म्हणाले, "आमी तर चाललो. आता कोण बघंल?"

उत्तर काल आलं. राणीसावरगावच्या वाचनालयातल्या बबिताताई समोरच बसल्यात. एकाच नावाच्या दोन वाचकांची पुस्तकं एकमेकांच्या खात्यावर चढायची, ती चूक त्यांनी स्वतः दुरुस्त केली आणि ती दुरुस्ती परवान्याच्या अटीप्रमाणं उघडी ठेवून सगळ्या वाचनालयांना पाठवली. सर ती तपासायला बसले. मग चष्मा काढून डोळे पुसले.

आयोजकांनी मला ही संधी दिली, आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर लेक समजून पदरात घ्या. आणि सर, तुम्ही आता निवांत घरी जा. बघणारी माणसं आहेत.