उशिरा आलेले तिघे

१९९४ चा जानेवारी, फरीदाबादची थंडी. मी फिटर, चौथी पास. नवा मॅनेजर म्हणाला, फोरमन व्हायचं तर शिफ्टचा रिपोर्ट इंग्रजीत लिही. शेजारचे कुलकर्णी सरकारी नोकरीत होते, त्यांनी शिकवलं.

"तात्या, दोन पूर्ण वाक्यं जोडायला सेमीकोलन. पुढे यादी असेल तर कोलन."

"तुमचे उपकार अंगावर ठेवणार नाही," मी म्हणालो.

"अहो, शिका आधी."

मी रिपोर्ट लिहिला. तिघे उशिरा आले, मग कोलन, मग नावं: वर्मा, यादव, मॅनेजरसाहेब.

साहेबांनी दोनदा वाचला. "मेरा नाम भी?"

"साहब, लिस्ट अधूरी कैसे छोड़ता?"

त्यांनी सही केली. मी फोरमन झालो.

मे महिन्यात कुलकर्ण्यांची पाण्याची मोटर जळाली. रविवारी मी ती दुरुस्त करून बसवली. टाकीत पाणी चढलं आणि मी घरी आलो.