परिशिष्ट अ

— नाही, नाही, बसा नत्थूजी, बसा तं खरं, फॉर्म कुठं पळून नाही जात. ठेवा तो टेबलावर. अन् पेनही ठेवा. भरून देत नाही असं कुठं म्हटलं मी? मी एवढंच म्हणून राहिलो की भरायच्या आधी दोन शब्द ऐका. तुमची पोरगी भूमिका बारावी झाली, फिजिक्समध्ये पंच्याण्णव आहेत, पायलट व्हायचं म्हणते, सोमवारी मेडिकल आहे — समजलं मले. हिंगण्याच्या कंपनीतून पहिली पाळी आटोपून तुम्ही सरळ माझ्या घरी आले, काहून की तुम्हाले कोणीतरी सांगितलं, चंपतराव काळबांडे बत्तीस वर्षं सरकारी ऑफिसात बाबू होते, फॉर्म भरावा तं त्यांनीच, अन् वरून त्यांचा पोरगाही पायलट आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या. पोरगा पायलट आहे. विमान नाही, एवढंच.

हसा, हसा, मीही हसतो. लायसन आलं त्या दिवशी आमच्या चौकात फ्लेक्स लागला होता — 'कॅप्टन साहिल चंपतराव काळबांडे यांचे हार्दिक अभिनंदन' — वर विमान, खाली शुभेच्छुक म्हणून एकवीस डोकी, त्यातली चौदा माझ्या ओळखीचीही नाहीत. साहिल बिचारा म्हणे, बाबा, मी कॅप्टन नाही, कॅप्टन व्हायले लय वर्षं लागतात. म्हटलं चूप बस, फ्लेक्स छापून झाला. आठ दिवस मी दूध आणायले त्या चौकातून गेलो — दूध आमच्या घराच्या मागंच मिळते, बरं का. शेजारच्या गणपतरावांनी तं विचारूनही ठेवलं की तिरुपतीचं तिकीट अर्ध्यात होईन का. स्थळं आली, एक तं थेट अमरावतीहून गाडी करून आलं, पोरीच्या मामानं साहिलले विचारलं, वर गेल्यावर खालचं आमचं गाव दिसते का. अन् मग काय? मग काहीच नाही. त्या फ्लेक्सचं एका पाणीपुरीवाल्यानं छत केलं. अजून आहे, जाताना पाहा. कॅप्टनच्या तोंडाखाली उभे राहून लोक पाणीपुरी खाऊन राहिले.

आता तुम्ही म्हणान, नोकरीचं काय. तं नोकरीचं असं आहे भाऊ — मंदी. तुमच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला म्हणता नं, तीच ती. जमिनीवर ती ओव्हरटाइम खाते, वर आकाशात गेली की आख्खं विमान खाते. एक कंपनी बुडाली, दुसरीची विमानं उभीच्या उभी, तिसरीनं आपल्याच पायलट लोकांले सांगितलं, घरी बसा, बोलावू. ज्याच्या घरचेच दहा जण पानावर वाट पाहून राहिले, तो नवीन पाहुण्याले जेवायले बोलावते का? जाहिरात निघत नाही असं नाही. निघते. पण अनुभव पाहिजे — अडीच हजार तास. आमच्या साहिलजवळ दोनशे. उरलेले तेवीसशे कुठून आणायचे? तं म्हणे नोकरी करून. अन् नोकरी कशी मिळन? तं म्हणे तास आणा. वा! म्हणजे आमच्या ऑफिसात मी लोकांले ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरवत होतो, तो तं धर्मादाय होता म्हणायचा.

त्याच्या बॅचचा एक पोरगा जरीपटक्यात बापाच्या कपड्याच्या दुकानात बसून राहिला, गिऱ्हाइकाले टॉवेल दाखवते तो इंग्रजीतून. एक पोरगी आहे दामिनी म्हणून, ती युनिफॉर्म घालून मोबाइलवर व्हिडिओ टाकते — 'पायलट कसं व्हावं'. लाखाच्या वर लोक पाहतात म्हणे. तिचं बरं आहे. अन् आमचा साहिल? मिहानमध्ये आहे नं! एअरपोर्टच्या अगदी जवळ, खिडकीतून विमानाचं शेपूट दिसते त्याले. कॉल सेंटर. विमान रद्द झालं की लोक फोन करतात, शिव्या घालतात, अन् आमचा कॅप्टन गोड आवाजात म्हणते, 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' विमान काहून उडालं नाही हे सांगायचा पगार आहे त्याले. याच्यासाठी दोनशे तास शिकला.

आमच्या रुखमाले विचारा, आत आहे ती, लसूण सोलून राहिली. तिले मंदीतलं काय कळते? काही नाही. पण कॉलनीत कोणी म्हटलं, साहिलचं काय झालं वं, की हिची सुरू — मंदी आहे बाई, साऱ्या जगातच मंदी आहे. स्थळवाल्यांले मंदी सांगितली, भिशीतल्या बायांले सांगितली, परवा तं भाजीवाल्याले सांगून राहिली होती, तो मेथी तोलता तोलता मान हलवत होता. अर्थमंत्र्याले नसन तेवढी काळजी हिले जगाची. तं म्हणूनच म्हणतो, भूमिकाले बीएस्सीले टाका, बँकेची परीक्षा देऊ द्या, कायले त्या भानगडीत —

काय? कोण लागला? अपूर्व? हो, ओळखतो नं, साहिलच्याच बॅचचा. तुमच्या सुपरवायझरचा भाचा आहे का तो? असन. नाही, खरं आहे, उडवून राहिला तो. हैदराबादले असते. नाही नाही, खोटं कायले सांगू, मंदीतही एका कंपनीनं सहा पोरं घेतली. म्हणजे मंदी होती... पण अगदी एवढी नव्हती. साहिलले काहून नाही घेतलं? तुम्ही सरळ विचारून टाकलं, नत्थूजी. आजवर कोणी विचारलं नाही. जरा — थांबा, मी खुर्ची इकडं घेतो. हळू बोलू. आत ऐकू जाते.

त्या सहात साहिलचं नाव होतं. चौथं. लेखी पास, मुलाखत पास, राहिली होती फक्त त्या नकली विमानातली परीक्षा, एका खोलीत असते ते मशीन. अन् मधातच मेडिकलची तारीख आली. ह्या लोकांचं असं आहे की दर वर्षी मेडिकल करा, नाही तं लायसन मेलं. फॉर्म हाच, तुम्ही आणला तोच. पोरगा अभ्यासात बुडालेला, मी म्हटलं, दे इकडं, फॉर्म मी भरतो. आधीचे तिन्ही त्यानंच भरले होते, त्यांच्या झेरॉक्स होत्या, पाहिल्या — नाही, नाही, नाही, नाही, वरपासून खालपर्यंत सारं नाही! मले राग आला. असा फॉर्म भरतात? बत्तीस वर्षांत माझ्या टेबलावरून एक रकाना अर्धवट गेला नाही. साहेब लोक म्हणत, काळबांडेचा कागद आहे नं, मग वाचायचं काम नाही, करा सही. अन् माझ्याच घरात हे असं?

तं रकाना होता — आजवर कधी झटका, फिट, बेशुद्धी? अन् मले आठवलं. तीन वर्षांचा होता साहिल, आम्ही काटोलले माझ्या सासुरवाडीले गेलो होतो, पोराले ताप चढला, एकशे चार, अन् डोळे वर गेले हो त्याचे, हातपाय ताठ. मी उचलून पळालो, पायात चप्पल नाही, रस्त्यात गिट्टी टाकलेली. डॉक्टरनं सांगितलं, लहान लेकरांले तापात होते असं, पुन्हा होणार नाही. झालंही नाही कधी. सारे विसरून गेले. पण बाबू विसरते का? मी लिहिलं — 'होय'. बरं, नुसतं 'होय' लिहून थांबलो असतो! वेगळा कागद जोडला, वर मधोमध 'परिशिष्ट अ', खाली रेघ मारली, वय, ताप किती, गाव, डॉक्टरचं नाव, महिना, साल, अन् शेवटी 'माहितीस्तव सविनय सादर'. इतकं सुंदर अक्षर माझं रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच आलं होतं. साहिलनं वाचलंही नाही. बाबांनी भरलं म्हणजे झालं. मी जिथं बोट ठेवलं तिथं त्यानं सही केली.

मेडिकल बोर्डाच्या डॉक्टरनं विचारलं, तीन वेळा 'नाही' अन् आता 'होय', म्हणजे लपवलं होतं का? काय सांगन पोरगा? त्याले स्वतःलेच माहीत नव्हतं. शेरा मारला — पुढील आदेशापर्यंत अपात्र. पुढील आदेशापर्यंत! माझा आवडता शेरा होता तो, ऑफिसात शेकडो कागदांवर लिहिला असन मी. मग डोक्याचे फोटो झाले, झोपेतली तपासणी झाली, जागेपणीची झाली, सारं साफ निघालं. अहवाल वर गेले. सव्वा वर्ष झालं, वरच आहेत. तिथं माझ्यासारखाच कोणी काटेकोर बाबू बसला असन, एखादा रकाना शोधत. कंपनी कायले थांबते? चौथ्या नावाच्या जागी सातवं नाव घेतलं. अपूर्व सातवा होता. त्याचे पेढे आले घरी. खाल्ले मी. दोन खाल्ले.

खोटं लिहिलं का मी? सांगा नं. एक अक्षर खोटं नाही त्याच्यात. अन् विचारतात तेही बरोबरच आहे, मागं दीडशे माणसं बसणार, विचारलंच पाहिजे. पण आधी डॉक्टरले दाखवायचं होतं, निदान पोराले तं सांगायचं होतं, बाबा रे, मी असं लिहून राहिलो! नाही सांगितलं. मले वाटलं, एवढा चोख फॉर्म पाहून बोर्ड खूश होईन. खरंच वाटलं हो.

त्या दिवशी साहिल घरी आला, रुखमानं विचारलं, काय झालं रे? त्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तं बरं झालं असतं. नुसतं पाहिलं, अन् म्हणाला, 'मंदी आहे माय, घेऊन नाही राहिले कोणालेच.' अन् मी? मी म्हटलं, हो वं, मंदीच आहे. रात्री जेवणं झाल्यावर पेपर उघडून तिले बातमी वाचून दाखवली. तेव्हापासून मी त्या मंदीच्या मागं लपून बसलो, नत्थूजी. कंपनीले शिव्या देतो, सरकारले देतो, पोरगा जेवता जेवता ऐकून घेते. लाज वाटते मले. पोराच्या समोर ताटावर बसायची लाज वाटते.

जाऊ द्या. आणा तो फॉर्म. आणा म्हणतो नं, तुमचं काम कायले अडवू? आले इतक्या दूर. नाव... भूमिका... जन्मतारीख राहू द्या, ती दाखल्यावरून लिहू. चष्मा? नाही. दमा? नाही. झटका, फिट — नाही. बेशुद्धी? ... काय? शाळेत? झेंडावंदनाले? उन्हात उभी होती, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, पडली. होते असं पोरींचं. किती वेळ पडली होती? दोनेक मिनिटं. कोणत्या वर्गात होती? आठवीत. म्हणजे साल झालं... पंधरा ऑगस्ट की सव्वीस जानेवारी, ते नीट आठवून —

पाहा. पाहा नत्थूजी, माझा हात पाहा. तारीख विचारून राहिलो मी! सारं सांगून झालं अन् पुन्हा तारीख विचारून राहिलो. घ्या, हे पेन घ्या. नाही भरत मी. उद्या पोरीले चांगल्या डॉक्टरकडं न्या, हे चक्करचं त्याले सांगा, काय लिहायचं अन् कसं लिहायचं ते त्यालेच विचारा, त्याचा कागद घ्या. अन् मग तिचं तिले भरू द्या. समोर बसून, एक एक ओळ वाचून. बापानं भरू नये.

कोण? अवं, तू कधी आली? कधीची उभी आहे वं तिथं? काही नाही, मंदीचंच बोलून राहिलो होतो, हे नत्थूजी, हिंगण्याहून आले, यांची पोरगी पायलट... काय? काय म्हणते? परिशिष्ट? तुले कोणी सांगितलं परिशिष्टाचं? आता ऐकलं का? मग? साहिलनं? कधी सांगितलं? त्याच दिवशी? त्याच दिवशी म्हणजे... मी रात्री पेपर वाचून दाखवला तेव्हा तुले माहीत होतं? अन् तू ऐकत बसली. वरून म्हणाली, आणखी वाचा. अन् तरी सव्वा वर्ष तू बायांले, स्थळवाल्यांले, त्या भाजीवाल्याले... कोणाले शंका येऊ नये म्हणून? माझी मान खाली जाऊ नये म्हणून? रुखमा, अवं पण —

नत्थूजी, उठा. हा फॉर्म घ्या, नावच लिहिलं आहे, दुसरा कोरा आणा. नाही, आता काही विचारू नका. उठा म्हणतो नं. दार लोटून घ्या जाताना.