पाटी दिसली होती

हेडली : नाही म्हणजे नाही! त्या शर्यतीत पाटी मला दिसली होती. चांगली स्वच्छ दिसली होती. वर माझं नाव, खाली आत वळायचा बाण. आंधळ्यालासुद्धा दिसली असती.

लायोनेल : ते मला माहीत आहे, लेका. आपला संघ चालवणाऱ्या मेजरसाहेबांनाही माहीत आहे. पण दिसली नाही एवढंच म्हण की. ऊन डोळ्यांवर आलं होतं म्हण.

हेडली : कुठलं ऊन? सकाळपासून आभाळ गच्च भरलेलं होतं.

लायोनेल : ते काही हवामानखात्याला विचारायला जाणार नाहीत.

आई : ऊन म्हणे! अहो कार्बरीसाहेब, या उन्हाळ्यात लिंकनशरमध्ये ऊन पडलं असतं तर माझे टोमॅटो हिरवेच्या हिरवे राहिले असते का? बसा. चहा निवतोय. हेडली, तूही हात धू, ग्रीसचे हात घेऊन माझ्या पावाला शिवू नकोस.

हेडली : मला भूक नाही.

आई : संघातून घरी पाठवलं त्याला दोन आठवडे झाले, तेव्हापासून याला भूक नाही. दिवसभर त्या ट्रॅक्टरखाली पडून पाने-पकडी आपटत असतो. गिऱ्हाईक आलं की त्याच्यावर गुरगुरतो. पाद्रीबाबा काल मोटार घेऊन आले, तर त्यांना म्हणाला, ही मोटार नाही, हे कोंबड्यांचं खुराडं आहे.

हेडली : आहेच ती तशी.

आई : असेल! पण म्हणायचं असतं का तोंडावर? आणि कार्बरीसाहेब, आता तुम्ही आलाच आहात तर मला एकदा नीट समजावून सांगा. माझं अख्खं आयुष्य या गॅरेजमध्ये गेलं, पण हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही. तुमची गाडी बंद पडली, तर तुम्ही घरी जायचं. माझ्या पोराची धावती गाडी तुमची कशी होते?

लायोनेल : तशी पद्धतच आहे, मिसेस ट्रॅनमर. संघातल्या मोठ्या ड्रायव्हरची गाडी बिघडली की धाकट्याला पाटी दाखवायची. त्याने आत यायचं, उतरायचं आणि गाडी द्यायची. नियमात बसतं ते. निकालात दोघांचीही नावं लागतात.

हेडली : लागतात ना! फ्रान्समध्ये लागली होती. मी दुसऱ्या नंबरावर होतो, आई. निमूट आत आलो, उतरलो, हे बसले आणि जिंकले. दुसऱ्या दिवशी पेपरात काय? लायोनेल कार्बरी यांचा देदीप्यमान विजय! माझं नाव कुठे, तर सगळ्यात खाली. आणि तेही ट्रॅनमरचं ट्रेनर केलेलं!

लायोनेल : पेपरवाल्यांचं काय घेऊन बसलास?

हेडली : बरं, पेपरवाले जाऊ देत. उशीचं सांगा. तुम्ही बुटके, मी उंच. माझ्या गाडीत तुमच्या पाठीला लावायची ती निळी उशी कधी काढून ठेवतात? शर्यत सुरू व्हायच्या आधी! माझं इंजिन अजून तापतंय, आणि पलीकडे बाकावर तुमची उशी तयार. मला ती रोज दिसते. तुमची गाडी धडधाकट असते तेव्हासुद्धा दिसते. ती बघून शर्यतीला बसायचं म्हणजे काय असतं, ठाऊक आहे तुम्हाला?

लायोनेल : मीही धाकटा होतोच की कधीतरी.

हेडली : तेव्हा महायुद्ध नुकतंच संपलं होतं, निम्म्या गाड्यांना ड्रायव्हरच नव्हते. तुम्ही जेमतेम एक वर्ष धाकटे होतात. मी दोन वर्षं झाली, नुसता गाडी गरम करून देणारा आहे.

आई : अरे, जरा हळू. पाहुणे आहेत ते.

लायोनेल : बोलू द्या त्याला. हेडली, मला एकच सांग. याआधी तू प्रत्येक वेळी आत आलास. तोंडातून ब्र काढला नाहीस. मग त्याच दिवशी काय झालं?

हेडली : त्या दिवशी गाडी माझी झाली होती. कसं सांगू? वळण यायचं आणि मी काही करायच्या आधीच ती वळलेली असायची. पुढचा तो इटालियन, जो कधी माझ्या नजरेससुद्धा पडत नाही, तो दिसायला लागला होता. फेरीगणिक मोठा होत होता. मी गाडीत हसत होतो, आई. एकटाच, वेड्यासारखा. आणि नेमकी तेव्हा ती पाटी!

आई : मग पहिल्यांदा दिसली तेव्हा काय केलंस?

हेडली : पुढच्या फेरीला आत जाऊ, म्हटलं. पुढच्या फेरीलाही तेच म्हटलं. चौथ्या वेळी मेजर स्वतः पाटी घेऊन जवळजवळ रस्त्यावर आले होते. मी मान वळवून दुसरीकडे पाहिलं.

आई : अगदी बापावर गेलायस. जेवायला हाक मारली की त्यांनाही असंच ऐकू यायचं नाही.

लायोनेल : आणि दुसरा आलास. सगळ्यांनी पाहिलंय ते. म्हणून तर सांगतोय, मूर्खपणा करू नकोस. ही गाड्यांची अदलाबदल आता फार दिवस टिकत नाही. पुढच्या वर्षी बंदच करणार असं कानावर आलंय. एक हिवाळा कळ काढ. मेजरसाहेबांना तू परत हवा आहेस, फक्त सगळ्यांसमोर त्यांचा मान राहायला हवा. आता सहाला ते फोन करतील. तू म्हणायचंस, पाटी दिसली नाही. संपलं.

हेडली : आणि नाही म्हटलं तर?

लायोनेल : तर उद्या ते दुसऱ्या कुणाला घेतील. आणि आज्ञा मोडली म्हणून मेजरसाहेबांनी काढलेल्या ड्रायव्हरला या देशात दुसरा कोणी दारात उभं करणार नाही. तुलाही माहीत आहे ते.

आई : म्हणून टाक ते वाक्य.

हेडली : आई, हे तू म्हणतेस?

आई : हो, मीच म्हणते. मला तुझ्या मेल्या शर्यती डोळ्यांसमोर नकोत. तुझी शर्यत असली की मी रेडिओ लावते आणि परसात जाऊन उभी राहते, ऐकवतही नाही आणि बंदही करवत नाही. तू कायमचा घरी राहिलास तर मला हवंच आहे. पण असा नको. पाने आपटणारा नको.

हेडली : अगं पण ते खोटं आहे! तो दिवस माझा होता. दोन वर्षांत तेवढा एकच दिवस माझा होता. पाटी दिसली नाही म्हटलं, की तोही चुकून झाला असं होणार. मी दुसरा आलो तो ऊन डोळ्यांवर होतं म्हणून!

लायोनेल : तुला एक सांगू? चौथ्यांदा तू समोरून गेलास ना, तेव्हा मी हेल्मेट काढलं होतं.

हेडली : काय?

लायोनेल : मेजरसाहेब पुढे पाटी नाचवत होते, त्यांची पाठ होती माझ्याकडे. मी हेल्मेट काढलं, मेकॅनिकच्या हातात दिलं. तू आत आला असतास तरी मी बसलो नसतो. म्हटलं, जाऊ दे पोराला.

हेडली : हे मेजरना सांगितलंत?

लायोनेल : तशी वेळ आली नाही.

हेडली : दोन आठवड्यांत वेळ आली नाही? तिथे मला सगळ्यांदेखत हाकलून दिलं, तुम्ही शेजारी उभे होतात, तेव्हा वेळ नव्हती आली?

लायोनेल : अरे, त्यांच्या हुकमावर मी कसं बोलणार? आपल्यात असं करत नाहीत.

आई : काय करत नाहीत? खरं बोलत नाहीत?

लायोनेल : तसं नव्हे, मिसेस ट्रॅनमर...

हेडली : थांबा. ऐका माझं. फोन आला की आधी तुम्ही घ्या. हेल्मेटचं सांगा. ‘मी गाडी घेणार नव्हतो, मीच त्याला जाऊ दिलं’, एवढंच म्हणा. मग मी ऊन म्हणतो, धुकं म्हणतो, डोळ्यांत माशी गेली म्हणतो. हवं ते म्हणतो. निदान एका माणसाला तरी खरं काय ते कळलेलं असू दे. सांगाल?

लायोनेल : सांगतो.

हेडली : नक्की?

लायोनेल : सांगतो म्हटलं ना, लेका.

(भिंतीवरचा फोन वाजतो. लायोनेल उठून घेतो.)

लायोनेल : हॅलो, मेजरसाहेब. हो, केव्हाच पोचलो. नाही, रस्ता चांगला होता... हो, हो, मिसेस ट्रॅनमर मजेत आहेत, उत्तम चहा मिळाला... हो, बोललो त्याच्याशी. तो म्हणतो, पाटी दिसली नाही. ऊन होतं ना समोरून... अगदी, मलाही तेच वाटलं होतं... नाही, नाही. माझं दुसरं काही नाही. देतो त्याला.

आई : दुसरं काही नाही?

हेडली : द्या इकडे. मेजरसाहेब, हेडली बोलतोय. ऊन नव्हतं. पाटी दिसली होती. चारही वेळा दिसली होती... नाही, रागावून नाही बोलत... हो, बरोबर आहे, रागावूनच बोलतोय. पण खरं आहे ते... हो. कळतंय मला... हो, सांगतो. ठेवतो.

आई : काय म्हणाले?

हेडली : संघाचा पोशाख पोस्टाने पाठवून दे म्हणाले. धुऊन. आणि तुला शुभेच्छा कळव म्हणाले.

आई : म्हणजे संपलं?

हेडली : संपलं.

आई : मला वाटलं होतं, असं झालं की मला बरं वाटेल. काही बरं वाटत नाहीये. ये, बस इथे. हात राहू दे तसेच.

लायोनेल : मी सांगणारच होतो, हेडली. देवाशपथ. पण त्यांनी आधी रस्त्याचं विचारलं, मग चहाचं... आणि मग जीभच उचलेना. ऐक, एक तरी ऐक माझं. तू माझ्यापेक्षा वेगवान आहेस. आजपासून नाही, पहिल्या सरावापासून. मला त्याच दिवशी कळलं होतं.

हेडली : हे फोनवर सांगायचं होतं, लायोनेल.